अकरा नावांची गाडी

आजच्या समारंभाचे आणि आपल्या सेवा मंडळाचेही अध्यक्ष माननीय बंडूजी गुल्हाने, व्यासपीठावरील सरपंच महोदय आणि ग्रामपंचायतीचे सन्माननीय सदस्य, आजचे सत्कारमूर्ती भैय्याजी इंगोले, कारंज्याहून गॅरेज बंद ठेवून आलेले तानबा मिस्त्री, समोर बसलेल्या भगिनींनो, बंधूंनो, आणि ज्यांना मी कधीकाळी विज्ञान शिकवले अशा, आता पन्नाशीला आलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

आज मी बोलणार नव्हते. आभारप्रदर्शन एवढेच काम माझ्याकडे होते. पण काल दुपारी भैय्याजींच्या मानपत्राचा मजकूर माझ्याकडे तपासायला आला. "मॅडम, फक्त शुद्धलेखन पाहून द्या," असा निरोप होता. शुद्धलेखन ठीक होते. मजकूर खोटा होता. त्यात लिहिले होते, "मंडळाची रुग्णसेवा गाडी वयोमानानुसार सेवेतून निवृत्त होत असून, तिचे सारथी भैय्याजी यांनाही आपण निरोप देत आहोत." त्या वाक्यामुळे मला हे चार कागद लिहावे लागले. मी ते वाचूनच दाखवणार आहे. तोंडी बोलले तर आवाज चढेल, आणि सत्काराच्या दिवशी ते बरे दिसत नाही.

गाडी निवृत्त झालेली नाही. ती आरटीओच्या पासिंगला नापास झाली. एकदा नाही, तीनदा. आणि ती नापास झाल्यामुळे आपल्या गावच्या सपना कडूचा डायलिसिस बंद पडायची वेळ आली आहे. सपना तिथे तिसऱ्या रांगेत बसली आहे, खांबाजवळ. कोणी मागे वळून पाहू नका, तिला ते आवडत नाही.

गावात दोन गोष्टी बोलल्या जातात. एक, वर्ध्याच्या इन्स्पेक्टर बाईंना काहीतरी हवे होते. दोन, भैय्याजींनी गाडी राखली नाही. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. मी बारा वर्षे मंडळाची चिटणीस आहे. तिन्ही वेळा मी गाडीबरोबर गेले होते. काय नापास झाले आणि का, हे मला ठाऊक आहे, आणि ते सांगितल्याशिवाय भैय्याजींच्या खांद्यावर शाल घालण्याचा आपल्याला अधिकार नाही.

मागे बसलेल्यांनी कुजबुज थांबवावी. धन्यवाद.

गाडी २००६ सालची. हिंगणघाटच्या एका जिनिंगवाल्यांकडे आठ वर्षे फिरून ती २०१४ मध्ये आपल्याकडे आली. सात सीटांची, पांढरी, डाव्या दाराला पोचा. बाळंतिणींना नेले, साप चावलेल्यांना नेले, आणि गेली चार वर्षे दर मंगळवारी आणि शुक्रवारी सपनाला वर्ध्याला नेले. सत्तर किलोमीटर जायचे, चार तास मशीनवर, सत्तर किलोमीटर यायचे. सकाळी सातची पाळी. येताना ती मागच्या लांब सीटवर आडवी होऊन यायची. डॉक्टर आठवड्यातून तीनदा या म्हणतात. आपण दोनदाच नेऊ शकत होतो आणि त्याचाही आपल्याला अभिमान होता.

गाडी आली त्याच्या पहिल्याच सभेत मी एक ठराव मांडला. इतिवृत्तात अक्षर माझेच आहे. "जो सभासद गाडीस जी वस्तू देईल, त्या वस्तूवर त्याच्या दिवंगत आप्ताचे नाव लिहिण्यात येईल." शाळेच्या पंख्यांवर असते, देवळाच्या बाकांवर असते, मग गाडीवर का नको? टाळ्या झाल्या होत्या. मला त्या टाळ्या आवडल्याही होत्या.

अध्यक्ष महोदयांनी पुढचा लोखंडी गार्ड दिला, वडिलांच्या स्मरणार्थ. त्यावर पितळी पाटी. कोणी पडदे दिले, नाव भरतकामात. कोणी प्रेशर हॉर्न दिला, तो वाजला की कारंज्याच्या ढाब्यांवरचे ट्रकवाले बाजूला होत. कोणी छतावरची चार दिवे असलेली पट्टी, कोणी काचांना काळी फिल्म, कोणी डॅशबोर्डवर देव्हारा, त्यात लुकलुकणारी माळ. रुख्माबाईंनी मागची लांब सीट नवी करून दिली, त्यांच्या गेलेल्या लेकीच्या, पौर्णिमेच्या नावाने. मागच्या शिडीवर नाव, खालच्या रबरी मॅटवर नाव. एकूण अकरा नावे झाली. भैय्याजी तेव्हा म्हणायचे, "बाई, या गाडीत जिते कमी अन् मेलेले जास्त बसून राह्यले. पुढं बंडूजीचे बाबा, मागं पौर्णिमा, मधात एकटी सपना. तिले खिडकी तं राहू द्या."

सगळे हसले होते. आत्ताही हसलात. ठीक आहे.

आता तानबांचे ऐका. हा माणूस बोलत नाही, म्हणून मी सांगते. दरवर्षी दसऱ्याच्या आधी गाडी त्यांच्याकडे जायची आणि दरवर्षी ते मला एकच सांगायचे. "बाई, हॉर्न राहू द्या. बिरेकचे पाइप सडून राह्यले. बॉल जॉइंट ढिले झाले, स्टिअरिंग अर्ध चक्कर फिरते तवा चाक हालते. ते पाहा पह्यले." मी ते वहीत लिहून घ्यायचे. शिस्तीने लिहून घ्यायचे. पुढच्या सभेत विषय क्रमांक चार: ब्रेकचे पाइप आणि बॉल जॉइंट, देणगीदार हवा. आणि हात एकही वर नाही. एका वर्षी आपल्यातल्याच एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "देतो नं बाई, पण नाव कुठी लिहान? चाकाच्या मागं कोण पाह्यते?" त्यांचे नाव मी सांगणार नाही, कारण त्यांनी फक्त मोठ्याने विचारले. बाकीचे मनात विचारत होते.

मी काय केले? "पुढचा विषय घ्या," असे म्हणाले. सहा वर्षांच्या इतिवृत्तांत विषय क्रमांक चार आहे आणि सहाही वेळा त्याच्यापुढे लिहिले आहे, तहकूब.

पाच वर्षांपूर्वी गाडीला पंधरा वर्षे झाली आणि पासिंग करावे लागले, ते तुम्हाला आठवत असेल. गार्ड, दिव्यांची पट्टी, हॉर्न, पडदे, सगळे आपण एका दिवसापुरते उतरवून बंडूजींच्या गोदामात ठेवले. गाडी पास झाली. दुसऱ्या दिवशी सगळे परत चढवले आणि पेढे वाटले. पेढे मीही खाल्ले. तेव्हा ब्रेक जेमतेम पास झाले होते आणि सावध होण्याची वेळ तीच होती.

या वर्षी तीच युक्ती आपण पुन्हा केली, पण आळसाने केली. गार्ड उतरवला, फिल्म राहिली, हॉर्न राहिला, पुढच्या काचेवरचे नाव राहिले. इन्स्पेक्टर म्हणजे पंचविशीतली एक मुलगी, हातात टॉर्च आणि कागद. गाडीभोवती एक चक्कर मारून तिने सगळी नावे वाचली. उरलेली पाच होती. मग ती गाडीखाली गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या बाहीला काळे वंगण लागले होते. मला म्हणाली, "मॅडम, इतक्या जणांची नावं आहेत. ब्रेकवर कोणाचंच नाही का?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरेच वाटले असावे की मी पाट्यांची यादी घेऊन आले आहे, तर तेही असेल. छत्तीस वर्षे मी मुलांना प्रश्न विचारून उभे केले, त्या दिवशी मी उभी होते.

पहिल्या कागदावर तिने लिहिले: काळी फिल्म, प्रेशर हॉर्न, पुढची काच तडकलेली, डावा हेडलाइट आभाळात पाहतो, हँडब्रेक धरत नाही. शेवटचे दोन माझे शब्द आहेत, तिचे इंग्रजीत होते. परत आल्यावर फिल्म काढण्यावरून काय झाले ते तुम्हाला माहीत आहे. एका घरचे तर भांडायलाच आले. "आमच्या आजोबाचं नाव ब्लेडनं खरडून काढता का तुम्ही?" असे मला विचारले गेले. मी म्हणाले, "हो." त्यानंतर ते घर माझ्याशी बोलत नाही. आज आले आहेत, पहिल्या रांगेत आहेत, मी त्यांचे स्वागत करते.

दुसऱ्या वेळी तिने ब्रेक मशीनवर तपासले. उजवीकडचे चाक धरत होते, डावीकडचे सुटत होते. म्हणजे जोरात ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे, समोरून येणाऱ्या ट्रककडे वळणार. नागपूर-अमरावती हायवे ओलांडून आपण रोज जातो. चार वर्षे त्या गाडीत सपना होती. स्टिअरिंगला प्ले, म्हणजे ढिलाई, सायलेन्सरला भोक, धुराचे प्रमाण जास्त. तानबांनी आठ दिवस दुसरे काम घेतले नाही. पाइप बदलले, जॉइंट बदलले, सायलेन्सर बदलला. जे सहा वर्षे तहकूब होते ते आठ दिवसांत झाले.

आणि तरी तिसऱ्या वेळी गाडी नापास झाली. हे नीट ऐका, कारण हे आपण केले आहे.

आपल्या मंडळात एक पद्धत पडली. ठरावात ती नव्हती, आपोआप पडली. ज्या घरची पुण्यतिथी, त्या घरची माणसे सकाळी येऊन गाडी धुणार, पाटीला हार घालणार. अकरा नावे, अकरा पुण्यतिथ्या, वर दसरा आणि पाडवा. नळी लावून, बादल्यांनी, आतूनसुद्धा. श्रद्धेने धुतली. खाली रबरी मॅट होती, तिच्यावर नाव होते, म्हणून ती कोणी उचलली नाही. पाणी मॅटखाली जायचे आणि तिथेच राहायचे. बारा वर्षे राहिले. त्या मुलीने मॅट उचलली, खालचा पत्रा हातोडीने ठोकला, आणि हातोडी आरपार गेली. ड्रायव्हरच्या पायांखालून जमीन दिसत होती. मधल्या सीटखाली चेसिसचा दांडा भुग्यासारखा सुटत होता. मी वाकून पाहिले. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र होते माझे. लोखंड, पाणी आणि हवा, सातवीच्या मुलांना मी हे दरवर्षी परीक्षानळीत खिळा ठेवून दाखवत असे.

तानबा तिथेच होते. त्यांनी बोटाने पत्रा खरवडला आणि म्हणाले, "वेल्डिंग धरायले लोखंड लागते, बाई. इथं तं कुठीच नाई राह्यलं." ती मुलगी लिहिता लिहिता थांबली होती. तिने विचारले, या गाडीत कोण बसते? मी सांगितले. तिने कागदावर सही केली आणि तो मला दोन्ही हातांनी दिला. तिने काहीही मागितले नाही. हे मी या व्यासपीठावरून सांगते आहे, त्यामुळे पुन्हा चहाच्या टपरीवर दुसरे ऐकू येऊ नये.

आता माझे. पहिल्या कागदावर तडकलेली काच होती, ती मी दिलेली. माझे यजमान नाना गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी पुढची काच दगडाने फुटली आणि मी नवी बसवून दिली. खाली कोपऱ्यात त्यांचे नाव कोरून घेतले. तीन वर्षांपूर्वी त्या काचेलाही तडा गेला, नावापासून वर, थेट भैय्याजींच्या नजरेपर्यंत. भैय्याजी म्हणाले, "बाई, समोरून लाइट आला का दोन दोन ट्रक दिसून राह्यले मले." मी त्यांना सांगितले की जपून चालवा. ती काच मी बदलू दिली नाही. फिल्मवरून भांडायला आलेल्या घराला मी ताडकन उत्तर दिले, पण स्वतःच्या काचेबद्दल तीन वर्षे गप्प होते. अध्यक्ष महोदय, याची नोंद इतिवृत्तात व्हावी.

सत्कारमूर्तींबद्दल दोन शब्द बोलणे माझे कर्तव्य आहे. भैय्याजींनी एकही पाटी दिली नाही, म्हणून काही जण त्यांना कंजूस म्हणत. त्यांच्या वडिलांचे नाव या गाडीवर नाही. तिसऱ्या नापासानंतर परत येताना तानबांनी मला सांगितले की ब्रेकचे लायनर या बारा वर्षांत चार वेळा बदलले गेले. मंडळाच्या कागदांत एकदाही नोंद नाही. मी भैय्याजींना विचारले, तर ते माझ्यावरच चिडले. "लायनर हाय ते, बाई. झिजणारी चीज. त्यावर का नाव टाकतीन?" मी विचारले, मग सांगितले का नाही? म्हणाले, "सांगितलं असतं तं तुम्ही विषय क्रमांक पाच केला असता."

तेव्हा त्यांनी गाडी राखली नाही, असे यापुढे कोणी म्हणू नये. गाडी जेवढी राहिली ती त्यांच्यामुळे. पासिंग संपल्यावर काहींनी त्यांना सुचवले होते, "तशीच चालवा, भैय्याजी, सकाळी पाचले कोण पाह्यते?" त्यांनी चावी माझ्या टेबलावर आणून ठेवली. "रिकामी असती तं चालवली असती," एवढेच म्हणाले.

पुढे काय, असे तुम्ही विचाराल. मला उत्तर माहीत नाही. ज्यांच्याकडे गाड्या आहेत अशा सोळा जणांनी सपनासाठी एकेक वार लिहून दिला होता. चारच जण आले, कोणी एकदा, कोणी दोनदा. आपली पहिली बस सातच्या पाळीला पोहोचत नाही आणि दुसरी पाळी रिकामी नाही. सहा आठवड्यांत बारा खेपा व्हायला हव्या होत्या, सात झाल्या. नव्या गाडीसाठी सभा बोलावली तर पहिला प्रश्न आला, "जुन्या पाट्या नव्या गाडीवर लागतीन का?" सभा तिथेच संपवली. मीच संपवली.

त्यामुळे निमंत्रणपत्रिकेवर निरोप एकट्या भैय्याजींचा असला, तरी आज आणखी एका व्यक्तीला निरोप आहे. सपना येत्या सोमवारी वर्ध्याला राहायला जाते. दवाखान्यामागच्या गल्लीत एक खोली आहे, आणखी दोन आजारी बायकांबरोबर. तिचे यजमान प्रफुल हिंगणघाटला गिरणीत पाळीवर असतात, त्यांना रोज येणे शक्य नाही. त्यांची वेदश्री चौथीत आहे. ती इथे आजीजवळ, देवकाबाईंजवळ राहील. परवा मी त्यांच्या घरी गेले होते. वेदश्री दप्तर भरत होती. आईला म्हणाली, "तू मंगळवार-शुक्रवार तिकडं राह्य, बाकी दिवस घरी येजो." देवकाबाईंनी तिला जवळ घेतले आणि माझ्याकडे पाहिले.

आणखी एक. आज मंगळवार आहे. बंडूजींचे दुकान मंगळवारी बंद असते म्हणून कार्यक्रम मंगळवारी सकाळी ठरला. ठरवताना मीही होते, वार माझ्याही लक्षात आला नाही. आत्ता अकरा वाजले आहेत. या वेळेला सपना मशीनवरून उठत असते. आज ती भैय्याजींच्या सत्काराला आली आहे. तिचे पाय सुजले आहेत. कार्यक्रमानंतर अल्पोपाहार आहे, कृपया तिला चहा-पाण्याचा आग्रह करू नका, तिला पाणी मोजून प्यावे लागते.

कोणाचे मन दुखावण्याचा हेतू नव्हता, असे म्हणायची रीत आहे. काहींचे दुखावे असा माझा हेतू होता, माझे धरून. तरीही वयाने मोठ्यांना काही जास्तीचे बोलले गेले असेल तर पदरात घ्यावे. अध्यक्ष महोदयांनी मला न थांबवता वाचू दिले, त्यांच्या वडिलांचे नाव घेतल्यावरही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. सभागृह, ध्वनिक्षेपक आणि खुर्च्या देणाऱ्यांचे, कारंज्याहून आलेल्या तानबांचे, आणि इतका वेळ बसून राहिलेल्या आपणा सर्वांचे मंडळातर्फे आभार. मानपत्रातले ते वाक्य मी खोडले आहे. जागा कोरी दिसेल, ती तशीच राहू द्यावी.

चिटणीस या नात्याने, आज सुपूर्द केलेल्या वस्तूंची नोंद वाचून थांबते.

लोखंडी गार्ड, पितळी पाटीसह: बंडूजी गुल्हाने यांच्याकडे परत.

पडदे, दिव्यांची पट्टी, हॉर्न, शिडी, देव्हारा: ज्या त्या घरी परत. रबरी मॅट कोणी घेतली नाही.

काळ्या फिल्मचे तुकडे, एका पाकिटात: पहिल्या रांगेतील कुटुंबाकडे. त्यांनी ते स्वीकारले.

पुढच्या काचेचा नाव असलेला तुकडा: शरयू पाठक, स्वतःकडे.

शाल, श्रीफळ, मानपत्र, आणि तानबांनी काढून ठेवलेला शेवटचा झिजलेला लायनर: भैय्याजी इंगोले. नाव घातलेले नाही, त्यांनी घालू दिले नाही.

चाव्या दोन आणि गाडीचे कागद: भंगारात काढण्यासाठी माझ्या ताब्यात.

मागची लांब सीट, एक, पौर्णिमेच्या नावासह: रुख्माबाईंच्या इच्छेने सपना प्रफुल कडू यांना, वर्ध्याच्या खोलीत झोपण्यासाठी. सीट वर्ध्याला पोहोचवण्याचे साधन अजून ठरलेले नाही.